'वाचता आलं की पुरे' : नगरच्या शाळांची सुरुवातीची गोष्ट

आमची नानी भिंगारची. तिचं शिक्षण किती झालं, असं कोणी विचारलं की ती म्हणायची, "कुरआन नाजरा पढले, खत लिहिता आलं. आणखी किती पाहिजे?" तिच्या आवाजात तक्रार नसायची, अभिमान असायचा. तिच्या मोठ्या बहिणीला खतही लिहिता येत नव्हतं. म्हणजे एका बहिणीपासून दुसरीपर्यंत घर एक पायरी वर चढलं होतं, आणि त्या पायरीवर सगळे समाधानानं बसले होते.

पुढं आमच्या खालाच्या वेळी तोच प्रश्न आला. सातवी झाली, आता काय? तेव्हा नानीच म्हणाली, "वाचता आलं की पुरे." खाला सातवीला थांबली. नानीचं आम्ही काही चुकलं म्हणत नाही. तिच्या माहितीतल्या जगात सातवी म्हणजे पुष्कळ होतं. पण हे वाक्य आमच्या डोक्यात राहिलं. नगरच्या जुन्या शाळांविषयी वाचायला बसलो तेव्हा हेच वाक्य ठिकठिकाणी भेटू लागलं. कधी मिशनऱ्यांच्या तोंडी, कधी पुण्याच्या पुढाऱ्यांच्या, कधी अलीगढच्या सर सय्यदांच्या. शब्द वेगळे, मतलब एकच : इथपर्यंत ठीक, याच्यापुढं नको. हायस्कूल ही चीज आपल्या मुलखात कशी आली, याची गोष्ट म्हणजे हे 'इथपर्यंत' दर पिढीला थोडं थोडं वर कसं सरकलं, याची गोष्ट आहे.

नगर शहर इल्मला नवखं कधीच नव्हतं. मलिक अहमद निजामशाहानं १४९० मध्ये बहामनी फौजेवर मात केली आणि पुढं त्याच जागी हे शहर वसवलं. त्याचा मुलगा बुऱ्हाण याच्या दरबारी शाह ताहीर यांच्यासारखा आलिम होता. त्यांचे दर्स ऐकायला दरबारातले लोक जमत. याच जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. ही नावं मुद्दाम सांगतो, कारण मुसलमानाला मराठी उशिरा आली आणि शिक्षण बाहेरून आलं, असा एक समज आपल्यातही घर करून आहे. पण हेही खरं, की तो दरबारचा आणि खानकाहांचा इल्म होता. भिंगारच्या विणकराच्या मुलीसाठी, पिंजाऱ्याच्या, आतारांच्या, बागवानांच्या पोरीसाठी त्यात जागा नव्हती. तिला मकतबात नाजरा मिळाला तर तिचं नशीब थोर. गावातल्या तात्या पंतोजींच्या शाळेत तर कोणत्याच जातीची मुलगी बसत नव्हती.

१८०३ मध्ये इंग्रजांनी नगरचा किल्ला घेतला. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ पासून मुंबईत होते. मुलींसाठी त्यांची पहिली शाळा मुंबईत १८२४ मध्ये निघाली. १८३१ च्या डिसेंबरात मिशनचं ठाणं नगरला आलं आणि १८३९ मध्ये तिथं सिंथिया फरार नावाची बाई आली. मिस फरार अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरची, जन्म १७९५ चा. अविवाहित बाईनं एकटीनं समुद्र ओलांडून मिशनच्या कामाला जावं हे तेव्हा अमेरिकेतही विरळाच होतं. तिथून परदेशी धाडलेल्या पहिल्या अविवाहित स्त्रियांपैकी ती एक. १८२७ च्या अखेरीस ती मुंबईला उतरली, मुलींच्या शाळा पाहू लागली, तब्येत ढासळली म्हणून मायदेशी गेली आणि बरी होऊन पुन्हा आली. यावेळी थेट नगरला. १८६२ मध्ये तिचं निधन झालं ते नगरलाच.

वीस-बावीस वर्षं एका शहरात मुलींना शिकवायचं म्हणजे काय, हे नीट डोळ्यांसमोर आणलं पाहिजे. मुलगी शाळेत यायची पाच-सहा वर्षांची. अक्षर ओळख, वाचन, थोडी बेरीज-वजाबाकी, शिवणकाम. दहाव्या-बाराव्या वर्षी तिचं लग्न. म्हणजे जिला जरा बरं वाचता येऊ लागलं तीच शाळेतून जायची आणि बाईंना पुन्हा पहिल्या अक्षरापासून नवी मुलगी. अशा शाळेला वरचे वर्ग कधी फुटतच नाहीत. आणि वरचे वर्ग नाहीत म्हणून त्या शाळेतून शिकवणारी बाईही तयार होत नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर गळती ही त्या शाळेची अडचण नव्हती, तिची घडणच तशी होती.

आणखी एक गोष्ट होती, तिच्यावरून उडी मारून जाणं बरोबर होणार नाही. शाळा मिशनची होती. तिथं बायबल शिकवत. नगरला १८३९ च्या सुमारास वरच्या जातीतल्या काही तरुणांनी ख्रिस्ती धर्म घेतला आणि गावात गडबड उडाली. आईबापांनी मुलं काढून घेतली, काहींनी परत पाठवली, पुन्हा काढली. त्या आईबापांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. आम्हाला ते जमत नाही. आपलं मूल आपल्या दीनापासून तुटेल ही भीती आपल्या घरांतूनही ऐकलेली आहे, आणि ज्याला दीन प्यारा आहे त्याला ही भीती वाटणारच. भीती खरी होती. प्रश्न असा, की त्या भीतीचं करायचं काय? मुलीला घरी ठेवायचं, की जिथं ती भीती नाही अशी शाळा आपणच उभारायची?

दुसरं उत्तर देणारा माणूस १८४८ मध्ये नगरला येऊन गेला. जोतीराव फुले तेव्हा एकवीस वर्षांचे. त्यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे नगरला नोकरीला होते. त्यांच्याबरोबर जोतीरावांनी फरारबाईंच्या शाळा पाहिल्या. पुढं पाच वर्षांनी, १८५३ मध्ये, 'ज्ञानोदय'मध्ये त्यांनी आपल्या शाळांची हकिगत सांगितली तेव्हा या भेटीचा उल्लेख केला. आईच्या हातून मुलाची जी सुधारणा होते ती फार मोलाची, असं त्यांना वाटत होतं. नगरच्या मुली व्यवस्थित शिकताना पाहून त्यांना समाधान झालं, आणि पुण्यास परतून त्यांनी मुलींची शाळा घातली. गंमत पाहा, हे 'ज्ञानोदय'ही मुळात नगरचंच. १८४२ मध्ये ते नगरला निघालं आणि नंतर मुंबईला गेलं.

पुण्याच्या भिडेवाड्यातली ती शाळा सर्वांना ठाऊक आहे. नगरशी तिचा दुवा मात्र आपण विसरतो. जोतीरावांनी नगरहून एक कल्पना उचलली, पण शाळा मिशनची ठेवली नाही. आपल्या लोकांची, आपल्या भाषेत, आपल्या माणसांच्या देखरेखीखाली काढली. शिकवायला पुरुष पंतोजी नेमले तर मुली येणार नाहीत आणि आल्या तर टिकणार नाहीत, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून घरातूनच बाई तयार केली. सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे नगरला फरारबाईंकडे आणि पुण्याला मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये घेतले, असं चरित्रकार सांगतात.

आणि इथंच आपल्या एका बहिणीचं नाव येतं. जोतीरावांना वडिलांचं घर सोडावं लागलं तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, असं परंपरा सांगते. फातिमा शेख त्याच घरातली. तिच्याविषयी अलीकडं पुष्कळ बोललं जातं, खूप सजवून बोललं जातं, आणि दुसऱ्या बाजूनं ती झालीच नव्हती असंही म्हटलं जातं. आम्ही एका कागदाशी थांबतो. १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात नायगावहून सावित्रीबाई जोतीरावांना लिहितात, त्यात फातिमाचं नाव आहे. सावित्रीबाई आजारपणामुळं माहेरी होत्या. आपल्यामागं फातिमेवर कामाचा भार पडला असेल याची त्यांना काळजी आहे आणि ती कुरकुर करणार नाही याची खात्रीही आहे. पत्रातला हा उल्लेख घाईघाईनं, घरच्या माणसाचा करतात तसा आलेला आहे. पुतळे आणि जयंत्या नंतर. आम्हाला तर एवढंच वाचून बरं वाटतं, की १८५६ मध्ये एक मुसलमान बाई कामावर होती आणि तिच्या भरवशावर दुसरी निर्धास्त आजारी पडू शकत होती.

पुन्हा नगरला येऊ. नगरच्या मिशनवाल्यांनी आपल्याकडच्या शाळांचं पुढं काय केलं? १८५४-५५ मध्ये अमेरिकेतून मिशनचे मोठे अधिकारी रूफस अँडरसन हिंदुस्थानात पाहणीला आले. त्यांचं मत असं पडलं, की मिशनचं काम धर्म सांगण्याचं आहे, इंग्रजी शाळा चालवण्याचं नाही. लोकांना आपल्या भाषेत धर्मग्रंथ वाचता आला, गावोगाव सांगणारे चार लोक तयार झाले, म्हणजे झालं. इंग्रजी शिकली की पोरं नोकरीकडं वळतात. मुंबईची इंग्रजी शाळा बंद झाली, नगरचं वरचं शिक्षणही आखडलं. वाचता आलं की पुरे! नानीचं वाक्य बोस्टनहून आलेलं पाहून आम्हाला हसू आलं.

वेळ मात्र नेमकी उलटी होती. त्याच १८५४ साली विलायतेहून चार्ल्स वुड यांचा खलिता आला. त्यात खासगी शाळांना सरकारी ग्रँट देण्याची आणि मोठ्या शहरांत विद्यापीठं काढण्याची योजना होती. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ झालं, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. इथून पुढं हायस्कूल या शब्दाला नवा अर्थ आला. मराठी शाळेत लिहिणं, वाचणं, हिशेब. तिथून इंग्रजी शाळेत चढायचं, एकेक इयत्ता करत शेवटी मॅट्रिकला बसायचं. मॅट्रिक झाला तर कारकुनी, मास्तरकी, वकिलीची वाट, कॉलेज. नाही झाला तर मधल्या कुठल्या तरी इयत्तेत राहिलेला 'नॉनमॅट्रिक'. जिल्ह्याच्या गावी हायस्कूल असणं म्हणजे त्या जिल्ह्यातल्या पोराला वर जायला जिना असणं. नसेल तर पुणे नाही तर मुंबई. मग तिथं खोली, खाणावळ, वळखीचं कोणी. हे ज्याला परवडतं तोच.

आपली संधी हुकली हे मिशनलाही कळलं. १८८० चं दशक उजाडलं तेव्हा नगरमध्ये सरकारी हायस्कूल होतं आणि त्याच दशकात मिशननंही आपलं हायस्कूल काढलं. मधली पंचवीस वर्षं मात्र गेली. ती कोणाची गेली? मिशनच्या शाळांत मोठ्या संख्येनं शिकत होती ती महार-मांगांची मुलं. त्यांना सरकारी शाळेच्या वर्गात बसू देत नव्हते. मिशननं आपल्याकडचा वरचा वर्ग आखडला तो त्यांच्या वाटेत. कोणाला किती शिकू द्यायचं हे ठरवणारा आणि ते भोगणारा एकच असतो, असं सहसा होत नाही. मुलींसाठी मिशनची शाळा पुढं वाढत गेली. नगरमध्ये आज क्लेरा ब्रूस गर्ल्स हायस्कूल म्हणून जी शाळा लोक ओळखतात ती याच मिशनच्या परंपरेतली.

पुण्यातही काही सगळं सरळ नव्हतं. मुलींचं पहिलं हायस्कूल, हुजूरपागा, १८८४ मध्ये सुरू झालं. मागं रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक यांच्यासारखी माणसं होती. तेव्हा टिळकांच्या पत्रांनी आक्षेप घेतला. मुलींनी शिकावं की नाही, हा वाद नव्हता. मुलांसारखं अकरा ते पाच शाळेत कशाला, इंग्रजी इतकं कशाला, घरकामाला उपयोगी पडेल तेवढं शिकवा, असं म्हणणं होतं. पुन्हा तेच. इथपर्यंत ठीक.

आता आपल्या घरात डोकावू. दुसऱ्यांच्या घरातलं झाकण उघडायचं आणि आपलं बंद ठेवायचं, हे आम्हाला पटत नाही.

सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये अलीगढला शाळा काढली, तिचं पुढं कॉलेज झालं, आणि हिंदुस्थानच्या मुसलमानांवर त्यांचे उपकार आहेत. पण मुलींच्या शाळेला त्यांचा पाठिंबा नव्हता. १८८२ च्या हंटर कमिशनपुढं त्यांनी स्पष्ट सांगितलं, की आधी पुरुष शिकोत, मग बायकांचं आपोआप होईल. इतका मोठा माणूस, पण जिना मुलीच्या दारापाशी येऊन थांबला. त्याच कमिशनपुढं जोतीरावांनीही निवेदन दिलं आणि मुंबईहून बद्रुद्दीन तय्यबजींनी मुसलमानांच्या शिक्षणाची बाजू मांडली.

तय्यबजी, त्यांचे भाऊ कमरुद्दीन, नाखुदा महंमद अली रोगे, मुन्शी गुलाम महंमद, यांनी १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-इ-इस्लाम स्थापली. मुसलमानांची मुलं सरकारी शाळेत का येत नाहीत, याचं उत्तर 'त्यांना शिकायचंच नाही' असं देऊन सरकार मोकळं होत होतं. अंजुमनवाल्यांनी वेगळं उत्तर दिलं. गरिबी आहे, उर्दू-फारसीची सोय नाही, दीनी तालीम नाही, आणि म्हणून भरवसा नाही. मग १८८० मध्ये त्यांनी अशी शाळा काढली जिथं इंग्रजीही आहे, उर्दूही आहे आणि दीनही आहे. बोरीबंदर स्टेशनसमोरची अंजुमनची ती इमारत १८९३ ची. मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक वाचकानं ती पाहिलेली असते, आणि गर्दीत बहुतेकांनी वर न पाहता ओलांडलेली असते. आम्हीही किती वर्षं तसंच केलं!

नगरमध्ये जोतीरावांनी जे ओळखलं तेच अंजुमननं आपल्या लोकांसाठी ओळखलं. भीती असेल तर तिच्यापेक्षा बरी जागा तयार करा. जलशांतून इक्राची आयत ऐकून माना डोलावणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्या आयतीसाठी जागा, मास्तर, बाक आणि महिन्याचा पगार उभा करणारे थोडे.

मुलींचं काम त्याहून अवघड होतं, आणि अडचण कुठं होती? रस्त्यात. अक्षरशः रस्त्यात. शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी १९०६ मध्ये अलीगढला मुलींची शाळा काढली, तेव्हा मुलींना घरून शाळेत आणायचं कसं हा पहिला सवाल होता. पडद्याच्या डोल्या ठेवाव्या लागल्या. भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम यांनी पैशाची मदत दिली. पुढं निवासी शाळा झाली, वहीद जहाँ बेगम स्वतः मुलींवर नजर ठेवायला तिथं राहिल्या, म्हणून आईबापांनी मुली पाठवल्या. शाळेतली बाई आईच्या जागी आहे ही खात्री सगळ्या भाषणांहून जास्त कामाला आली.

कलकत्त्याला रोकेया सखावत हुसेन यांनी १९११ मध्ये शाळा उघडली तेव्हा विद्यार्थिनी होत्या आठ. घरोघरी जाऊन त्या मुली मागत. शाळेसाठी मोटार घेतली, पण पडद्याची इतकी कडक, की आत उजेड नाही, वारा नाही. मुली गुदमरून आजारी पडू लागल्या, उलट्या करू लागल्या. मग बंद झडपांऐवजी कापडी पडदे लावले, तर तक्रारीची पत्रं आली, की पडदा वाऱ्यानं उडतो आणि मुली दिसतात. रोकेयांनी हा किस्सा स्वतः लिहून ठेवला आहे, राग आणि हसू दोन्ही घेऊन. मोटार पडद्याची ठेवली तर मुलगी आजारी, उघडी ठेवली तर बाप नाराज. आणि तरी शाळा चालली. आजही आहे.

नगरच्या गोष्टीत एक माणूस असा येतो जो कधी शाळेतच गेला नव्हता. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत काँग्रेसचे पुढारी पकडले गेले आणि त्यांना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं. चाँदबीबीनं मोगलांशी जो किल्ला लढवला तोच हा किल्ला. नेहरू होते, वल्लभभाई होते, असफ अली, डॉ. सय्यद महमूद होते आणि त्यावेळचे काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद होते. जवळजवळ तीन वर्षं. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथं लिहिला. मौलानांनी इथं आपल्या मित्राला, हबीबुर्रहमान खान शेरवानींना, पत्रं लिहिली. ती धाडायची सोय नव्हती, पुढं 'गुबार-ए-खातिर' या नावानं छापली गेली. १९४३ च्या एप्रिलमध्ये मौलानांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्याला वारल्या. मौलाना इथं किल्ल्यात होते.

या मौलानांचे वडील मौलाना खैरुद्दीन. नव्या शिक्षणानं दीन बिघडतो असं त्यांचं पक्कं मत. म्हणून मुलाला शाळेत घातलंच नाही, घरी शिकवलं, आणि जुन्या पद्धतीनं उत्तम शिकवलं. मुलगा पुढं सर सय्यदांचं लिखाण वाचू लागला आणि त्याला वाटू लागलं, की आजच्या जगाचा माणूस व्हायचं तर विज्ञान आणि इंग्रजीही यायला हवी. त्यानं आपल्या आपण इंग्रजी अक्षरं गिरवली, मग बायबल आणि शब्दकोश घेऊन बसला. बापाच्या 'इथपर्यंत'पलीकडं तो असा गेला. दीन सुटला नाही. कुरआनची तफसीर लिहिणारा हाच माणूस. १९४७ मध्ये तो देशाचा पहिला शिक्षणमंत्री झाला. त्याच्या काळात, १९५२ मध्ये, माध्यमिक शिक्षणासाठी मुदलियार आयोग नेमला गेला. सगळ्या देशातली हायस्कुलं कशी असावीत याचा विचार ज्याच्या खात्यानं केला, त्यानं हायस्कूलचा बाक पाहिला नव्हता.

नगरमध्ये चाँद सुलताना हायस्कूल आहे. नाव चांगलं ठेवलं आहे. आपल्या मुलींनी गाथा ऐकावी आणि गणितही सोडवावं. पण शहर वेगळं आणि तालुक्याची गावं वेगळी. आम्ही या महिन्यात ज्या घरांतून बोललो, तिथं आजचं 'इथपर्यंत' बहुधा सातवीपाशी येऊन थांबतं. आता ते कोणी तोंडानं बोलत नाही. कोणी म्हणत नाही, की मुलीला शिकवायचं नाही. म्हणतात, "शिकवायचं आहे हो, पण गावातली उर्दू शाळा सातवीपर्यंतच." पुढं उर्दू हायस्कूल तालुक्याला, नाही तर मराठी हायस्कूल पाच-सात किलोमीटरवर. उर्दूतून आलेली मुलगी मराठीत आठवीला बसली की पहिली सहामाही तिला जड जाते. मग मास्तर म्हणतात पोरगी गप्प असते, बाप म्हणतो रस्त्यात पोरं उभी असतात, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर ती परत जात नाही. वाईट कोणी नसतं यात. डोली नसते, एवढंच.

भाषेविषयी आमचं मत थोडं कडवट लागेल, पण सांगतो. उर्दूतून शिकवायचं तर पहिलीतच ठरवा, की आठवीनंतर काय, आणि पाचवीपासून मुलीला मराठीही तितक्याच जोरानं शिकवा. घरी मराठी मासिक येतं, ते तिच्या हातात द्या. आमच्या आईनं असंच केलं. नानीच्या भिंगारच्या घरात एक खिडकी होती, तिच्यात आई बसून मोठ्यानं मराठी वाचायची आणि नानी भाजी निवडत ऐकायची. आई नववीपर्यंत गेली. आम्ही कॉलेजला गेलो तेव्हा नानी जिवंत होती. तिनं विचारलं, "अजून किती?" आणि उत्तराची वाट न पाहता डबा भरायला उठली.

एप्रिल-मे हा घरांतून प्रवेशाचं ठरण्याचा काळ. म्हणून काही कामाच्या गोष्टी. सातवी किंवा आठवी संपताना शाळा सोडल्याचा दाखला काढला तर त्याच आठवड्यात पुढचा प्रवेश घ्या. दाखला घरातल्या पेटीत पडला की तो तिथंच राहतो. दाखल्यावरचं नाव, आडनाव, जन्मतारीख आणि आधारवरचं एकच आहे का ते पाहा. आपल्याकडं 'शेख' आणि 'शैख', बापाचं नाव आधी की नंतर, यावरून पुढं दहावीच्या फॉर्मला फार त्रास होतो. शाळेत बाई शिक्षिका किती आहेत, मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह चालू आहे का, हे आईनं स्वतः जाऊन पाहावं. विचारायला संकोच वाटू देऊ नये.

आणि रस्त्याचं. ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना राज्य परिवहनच्या एसटीचा पास मोफत मिळतो. या योजनेला अहिल्याबाई होळकरांचं नाव आहे. त्या याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या, आणि आता जिल्ह्यालाही त्यांचंच नाव आहे. पासाची चौकशी शाळेतच करावी. दोन-तीन घरच्या मुली एकाच बसला बसवल्या तर बापांची अर्धी काळजी उतरते, हे आम्ही पाहिलं आहे. बसची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नसेल तर चार पालकांनी मिळून आगारप्रमुखांना अर्ज द्यावा. अर्ज मराठीत लिहावा, खाली मुलींची नावं, इयत्ता आणि गाव लिहावं, आणि एक प्रत शिक्का मारून आपल्याजवळ ठेवावी.